परसातल्या कोंबड्यांची सुरुवात: पिल्लांची पेटी, तलंगा की खुडूक कोंबडी?

पाऊस ओसरून परसातलं गवत पिवळं पडायला लागलं की आमच्या दापोलीच्या बाजूला एक प्रश्न हमखास येतो. कोंबड्या पाळायच्यात, सुरुवात कशी करू? विचारणाऱ्याने खुराड्याची जागा मनात ठरवलेली असते, जाळीचा भाव काढलेला असतो, जातींचे व्हिडिओही पाहिलेले असतात. अडलेलं असतं एकाच ठिकाणी. एका दिवसाच्या पिल्लांची पेटी आणायची, दोन-अडीच महिन्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या माद्या, घ्यायच्या, की शेजारून एखादी गावठी कोंबडी आणून तिलाच खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसवायची?

माझ्या परसात हे तिन्ही प्रकार होऊन गेले आहेत आणि माझा कल कुठे आहे ते वाचताना कळेलच. पण माझं घर वाडीत आहे, मागे काजू-आंब्याची झाडं आहेत, शेजारीपाजारी कोंबड्या आहेत, हे लक्षात ठेवून वाचा. शहराच्या कडेला कंपाउंडमध्ये आठ-दहा कोंबड्या ठेवू पाहणाऱ्याचं गणित वेगळं निघू शकतं, त्याबद्दलही पुढे लिहिलं आहे. घरची अंडी मिळावीत, शिमग्याला किंवा राखणीला एखादा कोंबडा हाताशी असावा, चार अंडी विकून मिठामिरचीचा खर्च निघावा, एवढ्यासाठी पाळणारा माणूस माझ्या डोळ्यासमोर आहे. शेड बांधून धंदा करणाऱ्याने हा लेख प्रमाण मानू नये.

माणूस कोणत्या वाटेने कोंबड्यांकडे आला, यावरच बहुतेक वेळा त्याची सुरुवात ठरून जाते. पशुसंवर्धन विभागाच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत ५० टक्के अनुदानावर दोन गट मिळतात: एका दिवसाची १०० पिल्लं, किंवा २५ तलंगा आणि ३ नर. अर्ज भरताना १०० हा आकडा मोठा दिसतो आणि माणूस तिकडे झुकतो. काहीजण फिरत्या विक्रेत्यामुळे सुरू करतात. मोटारसायकलच्या मागे जाळीचे पिंजरे बांधून तो दारात येतो, महिन्याची रंगीबेरंगी पिल्लं ‘गावठी’ म्हणून दाखवतो, घरातली मुलं मागे लागतात आणि दहा पिल्लं घरात येतात. बहुतेक वेळा ती सुधारित जातीची किंवा संकरित असतात. त्यात वाईट काही नाही, फक्त काय घेतो आहोत ते माहीत असावं. पाय हातात धरून बघा. गावठी पिल्लाची नळी बारीक आणि अंग हलकं असतं, सुधारित जातीचं पिल्लू त्याच वयात जाडजूड पायांचं असतं.

जत्रेत गुलाबी-हिरव्या रंगात बुडवलेली पिल्लं मिळतात, त्यांना मी सुरुवात म्हणत नाही. ते बहुतेक अंड्यांच्या जातीचे नर असतात, उबवणी केंद्राला नको असलेले. त्यांच्याकडून अंड्याची वाट बघणं व्यर्थ.

आणि २०२० साल. त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो अशी अफवा पसरली, ब्रॉयलरचे भाव पार कोसळले. मग टाळेबंदी लागली, मुंबईचे चाकरमानी गावी परतले, परस रिकामं, वेळ हाताशी. आमच्या पंचक्रोशीतले कितीतरी जण तेव्हाच कोंबड्यांकडे वळले. मीही त्यातलाच.

पिल्लांची पेटी

पेटीच्या बाजूने बोलण्यासारखं खूप आहे आणि ते आधी बोलायला हवं. दर पिल्लामागे खर्च सगळ्यात कमी. सगळी एकाच वयाची, त्यामुळे खाद्य, लस, जागा यांचा हिशोब सोपा. मरेक्स या रोगाची लस चांगल्या उबवणी केंद्रात पहिल्याच दिवशी टोचलेली असते. जात तुम्ही निवडता. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या वनराज आणि ग्रामप्रिया, बंगळुरूच्याच केंद्रीय कुक्कुट विकास संस्थेची कावेरी, या सगळ्या परसासाठीच तयार झालेल्या जाती आहेत. अंडी हवी असतील तर ग्रामप्रिया किंवा कावेरी, अंडी आणि मटण दोन्ही हवं तर गिरिराज किंवा वनराज, एवढं ढोबळ धोरण पुरतं. गावठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते, या जाती चांगलं खाद्य मिळालं तर शंभराच्या बऱ्याच वर जातात. हा फरक लहान नाही.

पेटी उघडतानाचा आनंदही खरा आहे. गूळपाण्यात एकेकाची चोच बुडवायची, तुसावर कागद अंथरून मक्याचा भरडा पसरायचा, आणि तासाभरात ते सगळे पिवळे-करडे गोळे टोच टोच करायला लागतात. घरातलं लहान मूल तिथून उठत नाही.

मग रात्र होते, आणि सगळं बल्बवर येऊन थांबतं.

पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी करत जायचं. पिसं फुटेपर्यंत, म्हणजे तीन-चार आठवडे, ही ऊब बाहेरूनच द्यावी लागते. थर्मामीटरची मला कधी गरज वाटली नाही, पिल्लं स्वतःच सांगतात. बल्बखाली गोळा होऊन एकमेकांच्या अंगावर चढत असतील तर ऊब कमी पडते आहे. कडेला सरकून चोची उघड्या ठेवून बसली असतील तर जास्त होते आहे. सगळीकडे पसरून खातपीत असतील तर नेमकी आहे. आवाजानेही कळतं. ऊब पुरत असली की बारीक कुजबुज चालू असते. थंडी वाजायला लागली की चिवचिव उंच होते, थांबतच नाही, आणि भिंतीपलीकडे झोपलेल्या माणसाला जाग येते.

आमच्याकडे जून ते सप्टेंबर लाईटचा भरवसा नसतो. तारेवर फांदी पडते, डीपी उडते, वायरमन दुसऱ्या वाडीत अडकलेला असतो. लाईट गेली की थोड्याच वेळात पिल्लं कोपऱ्यात ढीग करतात. वरची ऊब धरून राहतात, खालची चेंगरतात. एक-दोन तासांचा प्रश्न इन्व्हर्टर सोडवतो. रात्रभर गेली तर इन्व्हर्टरही हात टेकतो, कारण ऊब देणारे बल्ब सतत जळत असतात. मग मडकं काढायचं. गळ्याशी भोकं पाडलेल्या मडक्यात निखारे भरायचे, वर राखेचा थर द्यायचा, पिल्लं भाजू नयेत म्हणून भोवती जाळी लावायची. खोली बंद ठेवली तर कोळशाचा धूर आणि वायू पिल्लांनाच मारतो, म्हणून झरोका उघडा हवा. झरोका उघडला की पावसाळी वारा आत. आणि निखारे विझत आले की कोणीतरी उठून ते फुलवायचे. त्या आठवड्यांत आमच्या घरात संध्याकाळी जेवणाच्या पानावर एकच विषय असायचा: आज रात्री कोण उठणार?

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. त्यानंतर दापोली-मंडणगडची कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. माड पडले, छपरं उडाली, त्यापुढे पिल्लांचं दुःख कोण सांगत बसणार. पण ज्यांच्याकडे तेव्हा लहान पिल्लांची पेटी होती त्यांची काय गत झाली ते वाडीवाडीत माहीत आहे. त्याच दिवसांत गावठी कोंबड्या आपली पिल्लं पंखाखाली घेऊन पडवीच्या कोपऱ्यात, लाकडांच्या ढिगाखाली बसून होत्या. सगळ्याच वाचल्या असं नाही. पण त्यांच्या पिल्लांना थंडी वाजली नाही.

वादळ रोज येत नाही हे मान्य. आणि बल्बचा त्रास फक्त तीन-चार आठवड्यांचा, पुढे सगळं सोपं, असं अनुभवी लोक सांगतात तेही खरंच आहे. माझी अडचण त्या आठवड्यांच्या जागेबद्दल आहे. ते अगदी सुरुवातीला येतात. तेव्हा नव्या माणसाला पिल्लाच्या आवाजातला फरक ओळखता येत नाही, घरच्यांचा उत्साह अजून कोवळा असतो, आणि सकाळी उठून तुसावरची मेलेली पिल्लं उचलायला लागली की बायको-मुलं, आई-वडील सगळ्यांचं मन उडतं. कोंबड्या सोडून दिलेल्या घरांमध्ये मी चौकशी करतो तेव्हा बहुतेक वेळा गोष्ट याच आठवड्यांशी येऊन थांबते. पेटी मी याच एका कारणाने सोडली. खाद्याचा खर्च, घुशी, मांजर ही पुढची कारणं आहेत, त्यांच्यावर उपाय निघतात.

खाद्याचं मात्र एक लक्षात घ्या. शंभर पिल्लं दोन महिन्यांची झाली की रोज पाच-सहा किलो खाद्य सहज संपवतात. घरातली कणी, कोंडा, उरलेला भात, भाजीची देठं आणि परसातले किडे यांच्यावर दहा-पंधरा कोंबड्या निभावतात, शंभर नाही. तेव्हा पेटी घेणारा माणूस परसातून हळूहळू धंद्यात शिरतो. तशी इच्छा असेल तर जरूर शिरावं. नसेल तर दहा-वीस पिल्लं विकत मिळतात का ते आधी बघावं.

तलंगा

ऊब देण्याचा काळ दुसऱ्या कोणीतरी काढून दिलेला असतो, हे तलंगांचं सगळ्यात मोठं सुख. अंगावर पिसं आलेली, नर-मादी वेगळे ओळखता येणारे, साधारण तीन महिन्यांत अंड्यावर येणारे पक्षी थेट खुराड्यात जातात. पेटीत निम्मे कोंबडे निघतात, इथे तो प्रश्न नाही. नोकरी करणारा, दिवसा घरी कोणी नसलेला, आजूबाजूला गावठी कोंबड्या नसलेला माणूस विचारतो तेव्हा मी काही आढेवेढे न घेता तलंगाच घ्या म्हणून सांगतो. शहराच्या कडेच्या बंगल्यांसाठी तर हाच मार्ग. कोंबडा ठेवू नका म्हणजे शेजाऱ्यांची झोपही मोडणार नाही. अंड्यासाठी कोंबडा लागत नाही.

घेताना तीन गोष्टी बघाव्यात. एक, लसींची नोंद. लासोटा (मानमोडीची), गंबोरो आणि देवी या रोगांच्या लसी झाल्या आहेत का, आणि आठव्या आठवड्याची आर-टू-बी (तीही मानमोडीचीच) झाली की तुम्हाला करायची आहे, हे लिहून घ्या. दोन, चोच. मोठ्या शेडमध्ये वाढवलेल्या तलंगांची चोच कधी कधी छाटलेली असते. भांड्यातलं खाद्य त्या खातात, पण जमीन उकरून किडा टिपायला, गवताचं पातं खुडायला त्यांना जड जातं. परसात सोडायच्या कोंबडीला पूर्ण चोच हवी. तीन, विष्ठा आणि श्वास. पिंजऱ्याजवळ शांत उभं राहून ऐका. घरघर किंवा शिंक ऐकू आली तर त्या दिवशी रिकाम्या हाताने परत या. घरी आधीच्या कोंबड्या असतील तर नव्या तलंगा दोन आठवडे तरी वेगळ्या ठेवा.

आणल्यावर चार-पाच दिवस खुराड्यातच कोंडायच्या, म्हणजे घर कुठलं ते त्यांना कळतं. तरी सुरुवातीला संध्याकाळी काही तलंगा बाहेरच घोळत राहतात, त्यांना हाकून आत घालावं लागतं. मला जास्त जाणवलं ते वेगळंच. शेडमध्ये वाढलेल्या तलंगेला घार म्हणजे काय ते माहीत नसतं. आभाळात सावली फिरली की गावठी कोंबडी एक लांब, खर्जातला आवाज काढते आणि सगळी पिल्लं जागच्या जागी करवंदीच्या जाळीत गडप होतात. तलंगा मात्र मोकळ्या अंगणात मान वाकडी करून वर बघत उभ्या. वनराजसारखी जड जात तर उडून फांदीवरही चढत नाही. मुंगूस आणि रानमांजराला असा पक्षी सोपा पडतो. दिवसभर जाळीत ठेवणाऱ्याला याची फिकीर नाही. मोकळं सोडणाऱ्याला आहे.

आणखी एक. सुधारित जातीतली कोंबडी सहसा खुडूक होत नाही. अंडी जास्त मिळावीत म्हणूनच तिच्यातली ती सवय निवडीने कमी केलेली असते. म्हणजे दीड-दोन वर्षांनी अंडी कमी झाली की पुन्हा बाजारात जावं लागणार. तिचीच अंडी यंत्रात उबवली तरी पुढच्या पिढीत तेच गुण पुरते उतरत नाहीत, कारण मुळात ती संकरातून आलेली असते. हे कोणाला गैरसोयीचं वाटेल, कोणाला नाही. मला ते थोडं खटकतं, कारण परसातली गोष्ट परसातच पुढे चालावी असं वाटतं.

खुडूक कोंबडी

मला ही वाट दाखवली वाडीतल्या एका काकींनी. माझ्या पडवीतला बल्ब आणि वायरींचा पसारा बघून त्या म्हणाल्या, “बाबू, माझी एक खुडूक झालीय. घेऊन जा, खाली ठेवायला अंडीपण मी देते. पिल्लं झाली की निम्मी मला आणून दे.” वाट्याने कोंबडी देण्याची ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे. पैसा लागत नाही, आणि देणारी बाई अधूनमधून येऊन बघून जाते, त्यामुळे शिकवणीही आपोआप होते.

खुडूक ओळखणं सोपं. ती अंड्यांच्या जागेवरून उठत नाही, हात नेला की पिसं फुलवून गुरगुरते, पोटाखालची पिसं झडून कातडी उघडी आणि गरम लागते. दिवसातून एकदाच खाली उतरते, घाईघाईने खाते, पाणी पिते, मोठी विष्ठा टाकते, मातीत अंग घोळते आणि परत जाऊन बसते. २१ दिवस हे असंच चालतं. पाटीत भाताचा पेंढा घालायचा, खाली थोडी राख पसरायची म्हणजे उवा होत नाहीत. काकींनी पाटीत एक लोखंडी खिळाही ठेवला होता, ढगांच्या गडगडाटाने अंडी नासू नयेत म्हणून. तो खिळा मी अजून ठेवतो.

सातव्या-आठव्या दिवशी रात्री मोबाईलचा टॉर्च लावून एकेक अंडं बघावं. बोटांच्या चिमटीत अंडं धरून जाड टोकाला उजेड लावला की फळलेल्या अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा पसरलेल्या दिसतात, मधोमध एक काळा ठिपका, आणि नीट बघितलं तर तो हलतो. वांझ अंडं सगळं स्वच्छ पिवळट दिसतं. ते काढून टाकायचं. घरच्या मुलांना एकदा हे दाखवा.

पिल्लं निघाली की तुमचं काम फारच कमी उरतं. पहिल्या दिवसापासून कोंबडी त्यांना जमीन उकरून दाखवते, किडा सापडला की कुट कुट करून बोलावते आणि स्वतः न खाता त्यांच्यापुढे टाकते. आम्ही एक जुनं मडकं घेतो, त्यात ओलं शेण, सुकं गवत, गोणपाटाचे तुकडे भरतो आणि वाळवी असलेल्या जागी पालथं घालतो. दोन-तीन दिवसांत वाळवी भरते. ते मडकं पिल्लांपुढे उलटं केलं की बघत राहावं. सुरुवातीच्या दिवसांत याच्यासारखं खाद्य नाही. रात्री डालग्याखाली कोंबडी बसते आणि पिल्लं तिच्या पंखाखाली शिरतात. कोणाचं एखादं डोकं पिसांतून बाहेर डोकावतं, परत आत जातं. लाईट असो नसो. पावसाच्या रात्री लाईट गेली तर मी आता कूस बदलून झोपतो.

आता या बाजूचे दोषही तेवढ्याच मोकळेपणाने सांगायला हवेत. काम सावकाश होतं. एका खुडूकीखाली दहा-बारा अंडी, त्यातून सात-आठ पिल्लं निघाली तर समाधान मानायचं, त्यातली दोन-तीन घार, कावळा, मुंगूस नेणार. बसण्याचे तीन आठवडे आणि पिल्लं सांभाळण्याचे दोन-अडीच महिने कोंबडी अंडी देत नाही, म्हणून वर्षाचा आकडा कमी राहतो. अंडं लहान असतं. हवं तेव्हा खुडूक मिळतेच असंही नाही.

आणि मानमोडी. उत्तराखंडातल्या राणीखेतचं नाव ज्या रोगाला पडलं तोच हा. मान पिळवटते, हिरवी विष्ठा होते, आणि दोन-चार दिवसांत वाडीच्या वाडी रिकामी होते. गावठी कोंबडीला रोग होत नाही हा समज कृपा करून मनातून काढून टाका. पिल्लू पाच-सात दिवसांचं असताना डोळ्यात लासोटाचा थेंब, आठव्या आठवड्यात आर-टू-बी, हे गावठीलाही हवंच. अडचण अशी की लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. सात पिल्लांसाठी कोण आणणार? इथे पेटीवाला सुखी आहे, त्याची कुपी एका दमात संपते.

आमच्या वाडीत यावर साधा तोडगा निघाला. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून एक दिवस ठरवायचा, थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणायची, आणि संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात गेल्या की घराघरात फिरून सगळ्यांना एकदम लस द्यायची. उजेडात कोंबडी पकडण्यात जी धावपळ होते ती अंधारात होत नाही. खर्च वाटून घेतला की कोणालाच जड जात नाही. तुमच्याकडे असा शेजार नसेल तर खुडूकीच्या बाजूचं माझं बोलणं थोडं कमी धरा.

माझा कल

पहिलं अंडं कधी, हा प्रश्न सगळे विचारतात. पेटीला साधारण साडेपाच-सहा महिने, तलंगेला तीन. अंड्यावर असलेली गावठी कोंबडी आणली तर पहिल्या आठवड्यातही मिळू शकतं. मिळणारं अंडं लहान असेल, पण बाजारात पांढऱ्या अंड्याच्या बऱ्याच वर भाव घेतं, आणि आमच्याकडे त्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

मी आता जे करतो ते मधलं आहे. घरच्या दोन-तीन गावठी कोंबड्या कायम असतात, एक गावठी कोंबडा असतो. त्यातली एखादी खुडूक झाली की कधी तिचीच अंडी ठेवतो, कधी ओळखीच्या पाळणाऱ्याकडून कावेरीची किंवा गिरिराजची फळलेली अंडी आणून तिच्याखाली घालतो. ही अंडी मोठी असतात, म्हणून आठ-नऊच ठेवायची, नाहीतर कडेची गार पडतात. पिल्लं सुधारित, पण आई गावठी. घारीचा आवाज ती त्यांना शिकवते, ऊब तीच देते, आणि पुढे अंडी जास्त मिळतात. वाढताना ही पिल्लं लवकर आईएवढी होतात आणि तरी तिच्या पंखाखाली शिरायला बघतात. कोंबडी निम्मी उचलली जाते, पण हाकलत नाही. खुडूक होणाऱ्या कोंबड्या मात्र गावठीच राखायच्या, त्या विकायच्या नाहीत.

शंभर पक्षी पेलतील एवढी जागा, पक्की खोली, बऱ्यापैकी लाईट आणि रात्री उठणारं माणूस घरात असेल तर पेटी वाईट नाही. बचत गटातल्या बायका पाळी लावून ती छान सांभाळतात, हे मी पाहिलं आहे. पेटी घ्यायचीच असेल तर पावसाळा टाळा. तलंगांबद्दल वर लिहिलं आहे. बाकी ज्याचं परस मोकळं आहे आणि शेजारी कोणाकडे तरी कोंबड्या आहेत, त्याने निदान पहिलं वर्ष खुडूकीबरोबर काढावं, असं मला मनापासून वाटतं. पुढे पेटी आणावीशी वाटली तर तोपर्यंत पिल्लाचा आवाज ओळखता यायला लागलेला असेल.

दसरा-दिवाळीच्या सुमारास विचारायला सुरुवात करा. कोकणात तेव्हा जमीन सुकलेली असते, किडा-मुंगी भरपूर असते, आणि मार्च-एप्रिलच्या उन्हाआधी पिल्लं बळकट होतात. कोणाकडे खुडूक आहे कळलं की आधी अंडी जमवा. आठवड्याच्या आतली, न धुतलेली, तडा नसलेली, निमुळतं टोक खाली करून गार जागेत ठेवलेली. कोंबडी दिवसा उचलून आणू नका, नव्या जागी ती उठून पळते आणि खुडूक मोडते. अंधार पडल्यावर पाटीसकट आणा, दोन दिवस एखाद्या खोट्या अंड्यावर किंवा गुळगुळीत गोट्यावर बसू द्या. ती स्थिर झाली, हात नेल्यावर गुरगुरली, की तिसऱ्या रात्री गोटा काढून खरी अंडी सारा आणि कॅलेंडरवर तारखेला खूण करा.